रिकामी म्हणून दाखवलेली जमीन

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात मी दोन शब्द लिहिले होते: रिकामी जमीन. इंग्रजीत लिहिले होते, खाली माझी सही आणि इंजिनियरचा शिक्का. असे शब्द मी आणखी किती नकाशांवर लिहिले ते आठवत नाही. त्या वेळी त्यात आठवण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

माझं काम ग्रेडिंगचं होतं. म्हणजे उंचवटा असेल तर कापायचा, खड्डा असेल तर भरायचा आणि पाणी वाहून जाईल इतक्याच उताराची जमीन करून द्यायची. पार्टीत कोणी विचारलं की मी सांगायचो, "जमिनीला इस्त्री करतो." क्युपर्टिनोतली आमची मित्रमंडळी सगळी सॉफ्टवेअरमधली. त्यांना हे वाक्य फार आवडायचं. आपल्यात हा एकटाच खऱ्या वस्तूला हात लावतो, असं ते माझं कौतुक करत. हात लावतो म्हणे! ज्या जमिनींना मी इस्त्री केली त्यातल्या निम्म्या जमिनींवर माझं पाऊलही पडलं नव्हतं.

या जमिनीवर पडलं होतं. चाळीस मिनिटं. मोहावी वाळवंटाच्या दक्षिण टोकाला एक मोठा वालुकामय सपाट पट्टा होता आणि तिथे सोलर पॅनेलं बसवायची होती. मी पिकअपमधून उतरलो, बायकोने दिलेला पोळी-भाजीचा रोल बॉनेटला टेकून खाल्ला आणि समोर पाहिलं. काळपट हिरवी, माणसाएवढी झुडपं, एकमेकांपासून फटकून उभी. त्यांच्या मधेमधे गुडघ्याएवढी करड्या रंगाची, मेल्यासारखी दिसणारी दुसरी झुडपं. कुठे कुठे वाळलेल्या गवताचे झुबके. लांबवर वाळूचे चार-पाच उंचवटे आणि त्यांच्या डोक्यावर काटेरी काहीतरी, आमच्या सोलापूरकडच्या वेड्या बाभळीसारखं. मी हात पुसले, फोटो काढले आणि गाडीत बसून एसी लावला.

पुढच्या महिन्यात काउंटीच्या हॉलमध्ये जनसुनावणी झाली. तिथे एक बाई बोलायला उठली. सत्तरीच्या आसपासची, काटकुळी, उन्हाने रापलेली. जवळच्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. म्हणजे कुठल्या विद्यापीठाची नाही, कुठल्या खात्याची नाही. मी तिला तिथेच मोडीत काढलं होतं. तिच्या हातात मुळांसकट उपटलेला गवताचा झुबका होता. मुळांवर वाळूचे कण चिकटून त्यांच्या बाह्या झाल्या होत्या. खरोखरच बाह्या, स्वेटरच्या असतात तशा. ती म्हणाली, "ही वाळू इथे आपोआप बसून राहिलेली नाही. ही झुडपं आणि हे गवत मिळून तिला धरून बसलेत. हे खरवडून काढाल तर सगळी वाळू वाऱ्याबरोबर गावात येईल."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, टाय नीट केला आणि म्हणालो, "मॅडम, मी भारतातून आलोय. वाळवंट म्हणजे काय ते मला सांगायला नको. मी साइटवर जाऊन आलो. मला तिथे काही दिसलं नाही. दिसलं असतं तर ड्रॉइंगमध्ये दाखवलं असतं."

हॉल हसला. बाई खाली बसली.

आता खरं सांगायचं तर मी जन्मात वाळवंट पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे नदीच्या पात्रातल्या वाळूलाही वाळवंट म्हणतात. तेवढंच काय ते माझं ज्ञान, आणि त्या भांडवलावर मी चारचौघांत ऐट मारली. गोऱ्या माणसांच्या सभेत आपण भारताचं नाव काढलं की समोरचा गप्प होतो, हे मी तोवर शिकलो होतो आणि त्याचा उपयोग एका म्हाताऱ्या शिक्षिकेवर केला. घरी येऊन हा किस्सा मी कितीतरी वीकेंडना रंगवून सांगितला. लोक पुन्हा पुन्हा हसले. एका मित्राच्या बायकोने तर तो दुसऱ्यांदा सांगायचा आग्रह केला.

मशिनं लागली. सहा आठवड्यांत जमीन माझ्या ड्रॉइंगसारखी झाली, म्हणजे सपाट आणि बिनचेहऱ्याची.

काही वर्षांनी मी रिटायर झालो. बायकोचे सांधे दुखायचे, समुद्राकडच्या दमट हवेत तिला सकाळी उठवत नसे. डॉक्टरांनी कोरडी हवा सुचवली. वाळवंटात म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या वसाहती आहेत, तिथे एक घर आम्हाला आवडलं. अंगणात लाल रंगाची आणून टाकलेली खडी, तिच्यात मधोमध काठ्यांच्या आधाराने उभी केलेली तीन ताडाची झाडं, आणि कुंपणाच्या आत तळं. वाळवंटात राहायला आल्यावर वाळवंट दिसू नये म्हणून जे जे करता येतं ते सगळं त्या वसाहतीने केलं होतं. माझी ती साइट तिथून तीन मैलांवर, पश्चिमेला. मला त्याचं उलट कौतुक वाटलं. बायकोला सांगितलं, "जवळच माझं एक काम आहे, तुला दाखवीन."

वारा कुठून कुठे वाहतो ते माझ्याच रिपोर्टच्या परिशिष्टात होतं. पश्चिमेकडून पूर्वेकडे. मी ते परिशिष्ट दुसऱ्या रिपोर्टमधून उचलून जोडलं होतं, वाचलं नव्हतं.

पहिल्याच मार्चमध्ये वारा सुटला तो तीन दिवस. खिडक्या बंद असूनही घरभर बारीक वाळू. ओट्यावर, देव्हाऱ्यात, पलंगपोसावर. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पोहे केले आणि पहिल्या घासालाच आमचे दोघांचे दात करकरले. तिने बशी खाली ठेवली, खिडकीपाशी गेली आणि पश्चिमेला पाहत राहिली. तिकडे आकाश नव्हतंच, नुसती पिवळी भिंत.

"अहो," ती म्हणाली, "ही वाळू तुमच्याच साइटची ना?"

मी म्हणालो, "वाळवंट आहे, वाळू उडणारच."

"शेजारच्या बाई इथे वीस वर्षं आहेत. त्या म्हणतात, पूर्वी उडत नव्हती."

ती झाडू घेऊन आली. तीस वर्षांत तिने माझ्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता आणि तो नेमका लागला होता.

मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की जमिनीवर वाळू चिकटवणारं द्रावण नियमित फवारलं जातं. म्हणजे डिंक. जे काम झुडपं फुकट करत होती ते आता टँकर करत होते, आणि ते वाळून तडकेपर्यंतच टिकत होतं. शिवाय पत्रात असंही होतं की साइटच्या कडेच्या एका तुकड्यावर स्थानिक झुडपांची पुन्हा लागवड केली आहे आणि स्वयंसेवकांकडून तिची दर वर्षी मोजणी होते. खाली एक वेळ दिली होती, मंगळवारी सकाळी सात.

मी गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. चूक कबूल करायला गेलो असं म्हटलं तर चांगलं दिसेल, पण मला वाटतं चूक नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला गेलो होतो.

तिथे ती बाई होती. एकटीच. स्वयंसेवक म्हणजे ती. मोठी हॅट, हातात टेप. मी रात्री मनात तयारी करून गेलो होतो, ते सगळं घडाघडा बोललो. मीच तो इंजिनियर, सुनावणीत तुम्हाला असं असं म्हणालो होतो, लोक हसले होते, मला त्याची लाज वाटते.

तिने हॅटखालून माझ्याकडे पाहिलं. आठवण्याचा प्रयत्न केला, हे दिसत होतं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "असं बरेच जण म्हणतात. टेपचं टोक धरता का?"

माझा अपमान झाला. हसू येईल, पण झाला. जो किस्सा मी इतकी वर्षं आधी मिरवला आणि मग मनात कुरवाळत बसलो, तो त्या बाईच्या लेखी काहीच नव्हता. मी टेपचं टोक धरलं.

लागवडीचा तुकडा पाहून मला आधी बरं वाटलं. ओळीच्या ओळी, सरळ, प्रत्येक रोपाभोवती पांढरी प्लॅस्टिकची नळी. मग आम्ही नळ्यांत डोकावायला लागलो. पहिलीत वाळकी काडी. दुसरीत वाळकी काडी. तिसरीत काडीसुद्धा नाही. बाई प्रत्येक ठिकाणी "मेलं" म्हणायची आणि मी कागदावर लिहायचो. एका ओळीत एकच हिरवं निघालं, तेही एका वाळक्या झुडपाच्या आडोशाला नळीबाहेर आपणहून उगवलेलं.

"आठ-आठ फुटांवर," ती म्हणाली. "हे कोणी ठरवलं असेल?"

"मी," मी म्हणालो. ते माझ्याच ड्रॉइंगच्या टिपांमध्ये होतं.

"कशावरून?"

"एका मॉलच्या पार्किंगच्या ड्रॉइंगवरून."

ती हसली. पहिल्यांदाच, आणि इतकी हसली की तिला गुडघ्यांवर हात टेकावे लागले. मीही हसलो, पण माझं हसणं वेगळं होतं.

मग ती मला कुंपणापलीकडे घेऊन गेली, जिथे मशिनं पोचली नव्हती. तिथे तिची स्वतःची एक रेषा होती. दोन लोखंडी खुंट्या, मधे टेप ताणायची आणि टेपखाली येईल ते प्रत्येक झुडूप लिहायचं. शाळेत शिकवत असताना मुलांना घेऊन सुरू केलं होतं. मुलं मोठी होऊन निघून गेली. ती दर वसंतात येत राहिली.

तिच्याबरोबर मी त्या रेषेवर कितीतरी सकाळी काढल्या. ती चांगली शिक्षिका नव्हती, हेही सांगायला हवं. प्रश्न विचारला की आधी सुस्कारा टाकायची, मग अर्धंच उत्तर द्यायची आणि उरलेलं खणून दाखवायची. पण खणून दाखवायची. ती काळपट उंच झुडपं, क्रिओसोट, फटकून उभी दिसतात ती वरून. वाळूत हात घातला की त्यांची मुळं चारी बाजूंना लांब पसरलेली. मधली मोकळी जागा मोकळी नव्हतीच. तिथलं सगळं पाणी आधीच वाटून घेतलेलं होतं. आणि ते करडं, गुडघ्याएवढं, मेल्यासारखं दिसणारं बर्सेज? क्रिओसोटचं रोप उघड्या वाळूत टिकत नाही. ते या करड्या झुडपाच्या सावलीत वाढतं, आणि मोठं होतं तोवर बर्सेज बहुधा मरून गेलेलं असतं. गवताचं बी तिथले उंदीर वाळूत पुरून ठेवतात आणि विसरतात. तेच उगवतं. वाळूचे उंचवटे वाऱ्याने केलेले नाहीत, त्या काटेरी बाभळीने केलेले आहेत. वाळू अंगावर येईल तशी ती वर वर वाढत जाते आणि खाली उंचवटा होत जातो.

हे सगळं मी चाळीस मिनिटं समोर उभा राहून पाहिलं होतं, पोळीचा रोल खात. शिकलेला माणूस किती आंधळा असू शकतो याचा नमुना हवा असेल तर मी उपलब्ध आहे.

आमच्या क्युपर्टिनोच्या मंडळींना मी हे फोनवर सांगायला लागलो तेव्हा त्यांची पंचाईत झाली. "वा, हॉबी चांगली आहे यार," एक मित्र म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, "ते सुपरब्लूम, वाळवंटभर फुलं येतात ते, कधी असतं? आम्ही फोटोला येऊ." आले की! दोन गाड्या भरून आले. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, फुलं नव्हती. झुडपं पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी ओळखला, कारण तो माझाच होता. एका वहिनींनी म्हटलं, "पण इथे बघण्यासारखं काय आहे?" मी त्यांना घरी नेऊन चहा दिला. वाळूसकट.

मग एक दिवस एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे तिशीची असेल. पुण्याची, इथे मास्टर्स करून माझ्याच जुन्या कंपनीत लागलेली, माझ्याच कामावर.

"काका, मी तुमच्या जुन्या फाइल्स बघत होते. फेज टू येतीये ना, तुमच्या साइटच्या शेजारीच. ग्रेडिंग मी करतीये. तुमचेच नोट्स कॉपी करू ना? तिथे तसं काही नाहीये ना?"

फेज टू म्हणजे कुंपणापलीकडची जमीन. बाईची रेषा तिच्यात येत होती.

"कॉपी करू नकोस," मी म्हणालो. "आधी इथे ये."

ती आली, पांढरे बूट घालून. मी तिला पाच तास उन्हात फिरवलं आणि खणून दाखवलं. तिने लक्ष देऊन ऐकलं, प्रश्नही चांगले विचारले. शेवटी एका उंचवट्याच्या सावलीत बसल्यावर म्हणाली, "पण काका, सोलर तर चांगलीच गोष्ट आहे ना? ते कोळशापेक्षा..."

"आहे ना. म्हणूनच कोणी काही विचारत नाही. मॉल असता तर निदान चार लोक तरी ओरडले असते."

"मग टाकायचं कुठे?"

मी दक्षिणेकडे बोट केलं. तिथे अल्फाल्फाची, म्हणजे लसूणघासाची, सोडून दिलेली शेतं होती, आधीच नांगरून नासवलेली.

"ती मी बघितली," ती म्हणाली. "पंधरा मालक आहेत, आपसांत भांडतायत. ही जमीन एकाची आहे. माझा बॉस म्हणतो, विषय संपला." आणि मग हळूच, "काका, माझा व्हिसाही त्यांच्याकडेच आहे."

मी पहिला नकाशा काढला तेव्हा माझ्याकडे तर ग्रीन कार्ड होतं, घर होतं, कोणाची भीती नव्हती. तरीही मी काही केलं नव्हतं.

सुनावणी त्याच हॉलमध्ये झाली. बाई आली नाही. म्हणाली, "मी पुष्कळ वेळा बोलले, आता तुमची पाळी." मला तीन मिनिटं होती. मी मुळांबद्दल बोललो, वाऱ्याबद्दल बोललो, मागच्या वेळी मी काय चुका केल्या ते एकेक करून सांगितलं. मला वाटलं होतं, आपलीच चूक कबूल करणाऱ्या इंजिनियरला लोक कान देतील. एक सदस्य मोबाइल पाहत होता. दुसऱ्याने विचारलं, "आपण त्या वाऱ्याखालच्या वसाहतीतच राहता ना? म्हणजे प्रश्न आपल्या घरात येणाऱ्या वाळूचा आहे."

लोक हसले. मी खाली बसलो. सगळ्यात वाईट म्हणजे, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वाळू माझ्या पोह्यांत आली नसती तर मी तिथे उभा राहिलो असतो का, याचं उत्तर मला आजही छातीठोकपणे देता येत नाही.

प्रकल्प मंजूर झाला. मुलीने एवढं केलं: ड्रॉइंगमध्ये ड्रेनेजची एक रेघ सरकवली आणि त्या निमित्ताने बाईची रेषा आणि दोन उंचवटे असलेला एक अरुंद पट्टा तसाच ठेवला. त्याला केशरी प्लॅस्टिकच्या जाळीचं कुंपण घातलं. बॉसला म्हणे तिने सांगितलं की पाण्याच्या निचऱ्यासाठी लागतो. खोटंच. माझ्या आख्ख्या कारकिर्दीतल्या सगळ्या खऱ्या आकड्यांपेक्षा मला ते खोटं आवडलं.

मी आनंदाने बाईला सांगायला गेलो. तिने पट्ट्याची रुंदी पावलांनी मोजली.

"फार अरुंद आहे," ती म्हणाली. "दोन्हीकडून उघडा पडेल. कडेची झुडपं आधी जातील, मग आतली."

"मग काहीच उपयोग नाही?" मला रागच आला. "तरुण पोरीने नोकरी धोक्यात घालून केलंय ते."

"तिला सांगा, छान केलं. पण अरुंद आहे." आणि टेपचं टोक माझ्याकडे दिलं.

तिचं बरोबर निघालं. यंदाच्या मोजणीत पश्चिम कडेची अकरा झुडपं वाळलेली होती. आतली उभी आहेत, उंचवट्यावरची बाभूळ तर हट्टाने हिरवी आहे. मी ते सगळं कागदावर लिहिलं आणि त्या मुलीलाही पाठवलं. तिने लगेच उत्तर दिलं, "नेक्स्ट टाइम अजून वाइड करते काका." पुढची वेळ आहे, असं ती धरून चालली आहे. असेलही.

मार्च आला की बायको आता उत्तरेला, रेडमंडला आमच्या लेकीकडे जाते. मला दर वर्षी चला म्हणते. तिकडून फोटो पाठवते: शेवाळलेली भिंत, पाण्याने निथळणारं फर्न, अंगणात आपोआप उगवलेलं काहीबाही. खाली लिहिते, "बघा किती हिरवंगार!" तिकडे जमिनीवर काहीही टाकलं तरी उगवतं. त्यात कसलं आलंय कौतुक? मी तिला अंगठा पाठवतो, हॅट घालतो आणि मंगळवारी सात वाजता त्या रेषेवर जातो. बाई माझ्या आधी आलेली असते आणि मला उशीर झाला असं घड्याळ न बघताच सांगते.